दत्तकाच्या दोन वह्या

पत्रिकेत विषय छापलाय 'परदेशी दत्तक आणि नोंदी'. वेळ चाळीस मिनिटं. बडोद्यात दत्तकावर बोलायचं म्हणजे त्यातली पंधरा सयाजीरावांची, ती आधीच वजा धरा.

गोष्ट तुम्हाला पाठ आहे. बडोद्याचे राजे मल्हारराव पदच्युत झाले, त्यांच्या आधीचे राजे खंडेराव यांच्या विधवा जमनाबाईंना दत्तक घ्यायची मुभा मिळाली, नाशिककडच्या कवळाण्याहून मुलं आणली. कशाला आलास, असं विचारल्यावर बारा वर्षांचा गोपाळ म्हणे उत्तरला, राज्य करायला! २७ मे १८७५ ला दत्तक, १६ जूनला गादी. त्या 'म्हणे'वर आपण दीडशे वर्षं टाळ्या वाजवतोय. (वाजवा, थांबतो.) पण जरा मुलाच्या बाजूनं बघा. आधी आई उमाबाई, नाव गोपाळ. मग आई जमनाबाई, नाव सयाजी. तारीख दरबाराला हवी होती, ती टिकली. निघताना उमाबाईंनी बरोबर काय बांधून दिलं, वाटेत मुलं रडली का, हे आपण सांगतो त्या गोष्टीत कुठेच नाही. सांगणारे सगळे घेणाऱ्या घरचे!

माझी तक्रार तीच. परदेशी दत्तकात घेणारे आईबाप हौसेनं लिहितात, पण स्वतःचं वाट पाहणं लिहितात. पाळणा कोणत्या रंगाचा आणला, फोन आला तेव्हा कोण रडलं. आणि त्यात मुलाचा फोटो, नाव, आजार सगळं चारचौघांत. बाल न्याय कायद्याचं कलम ७४ त्यासाठीच आहे. अशा मुलाची ओळख उघड केली तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मावशीला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला फोटो मावशीपाशी थांबत नाही, हे मावश्यांनाही माहीत आहे.

म्हणून वह्या दोन. पहिली कागदांची, रुक्ष. इथे बडोद्याची खास चूक सांगतो. न्यू जर्सीचा भाचा इथल्या मामेबहिणीचं मूल घेतो, होमहवन होतं, दत्तकपत्राची नोंदणी होते, आणि मग व्हिसाला धावतात. अडतं! एक तर बाल न्याय कायद्यातले 'नातेवाईक' म्हणजे काका, आत्या, मामा, मावशी आणि दोन्हीकडचे आजीआजोबा. मामेबहिणीचं मूल त्यात बसत नाही. दुसरं, भारतात २००३ पासून आणि अमेरिकेत २००८ पासून परदेशी दत्तकाचा हेग करार लागू आहे, त्यामुळे क्रम उलटा चालत नाही. आधी आय-८००ए हा अमेरिकेचा अर्ज, म्हणजे आईबापांची पात्रता. मग मुलाची फाइल आणि त्या मुलासाठीच्या आय-८०० अर्जाची तात्पुरती मंजुरी. मग 'कारा'चं, म्हणजे केंद्राच्या दत्तक प्राधिकरणाचं, ना-हरकत पत्र, जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश (सप्टेंबर २०२२ पासून न्यायालयाऐवजी तेच देतात), दत्तक कराराप्रमाणे झालं असं सांगणारं हेगच्या कलम २३ चं प्रमाणपत्र, पासपोर्ट, व्हिसा. दत्तक आधी उरकलं तर बहुधा दोन वर्षं मुलाचा ताबा आणि एकत्र राहणं दाखवणं हीच वाट उरते. अमेरिकेतून नोकरी सोडून कोण येतो?

वहीत तीन रकाने ठेवा: कागद, दिल्याची तारीख, मुदत संपते ती तारीख. आपल्याकडे गृह अभ्यास अहवाल, म्हणजे घेणाऱ्या घराची पाहणी, तीन वर्षं चालतो, आय-८००ए ची मंजुरी पंधरा महिने. दोन घड्याळं, दोन वेळा. मुलाचं नाव बाल कल्याण समितीच्या आदेशात 'किशन' आणि वैद्यकीय अहवालात 'क्रिशन' असेल तर ते आजच पेन्सिलीनं अधोरेखित करा, पासपोर्टच्या खिडकीवर नको. वैद्यकीय अहवालात वजन आणि डोक्याचा घेर असतो. एका दिवसाच्या आकड्यावरून काही कळत नाही. आधीच्या तारखांचे आकडे मागा आणि वाढीच्या तक्त्यावर मांडून बालरोगतज्ज्ञाला दाखवा.

आयोजकांची चिठ्ठी आली. म्हणजे ज्यासाठी बोलावलं ती दुसरी वही आता पाच मिनिटांत.

ती मुलाची. ती कुणाला दाखवायची नाही, टाकायचीही नाही. संस्थेत सांभाळणाऱ्या बाईंना विचारा: झोपताना काय म्हणता, कुशीवर झोपतो की पालथा, खिचडी पातळ की घट्ट. त्यांच्या तोंडचे वीसेक शब्द फोनवर टेप करून घ्या. इथलं मूल 'पाणी' म्हणेल, 'भूख लागी' म्हणेल, आणि ओहायोतल्या घरात ते कुणाला कळणार नाही. अंगावरचं पांघरूण मागून घ्या आणि धुऊ नका, वास राहू द्या. जुनं नाव लिहाच, कारण जन्मदाखला नव्या आईबापांच्या नावानं निघतो. जे माहीत नाही तिथे 'माहीत नाही' लिहा. 'तुझी आई गरीब होती' ही आपण जुळवलेली गोष्ट असते. अठरा झाल्यावर मूल स्वतः मुळांचा शोध घ्यायला अर्ज करू शकतं, तेव्हा हीच वही हातात असेल.

आणि घरी पोचल्यावर? मूल कसं रुळतंय याचे दोन वर्षांत सहा अहवाल, पहिल्या वर्षी दर तिमाहीला, दुसऱ्या वर्षी सहामाहीला. त्यांच्या प्रती पहिल्या वहीत. अमेरिकेच्या नागरिकत्वाचा दाखलाही तिथेच चिकटवा. दत्तक मुलांना आपोआप नागरिकत्व देणारा तिथला कायदा २७ फेब्रुवारी २००१ ला लागू झाला; त्या दिवशी ज्यांची अठरा उलटलेली होती त्यांना ते आपोआप मिळालं नाही, आणि काहींना हे मोठेपणी कळलं. दाखला टपालानं आला नाही तर विचारा, वाट बघू नका.

चहा बाहेर आहे, प्रश्न तिथेच.