हाफ झाली, आता फुल मॅरेथॉन पळायची का?

नमस्कार मंडळी! गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर हल्ली कुणी ना कुणी हटकून विचारतं, "दादा, हाफ झाली. जानेवारीत मुंबईला फुल मारू का?" मी प्रत्येकाला 'हो' म्हणत नाही. का, ते आज सांगतो.

आधी अंतर डोळ्यांसमोर आणा. फुल म्हणजे ४२.१९५ किलोमीटर, हाफच्या बरोबर दुप्पट. नाशिकहून त्र्यंबकेश्वर साधारण २८. म्हणजे पळत त्र्यंबक गाठायचं आणि परतीची निम्मी वाटही पळायची. हाफ दोन तास वीस मिनिटांत झाली, म्हणजे फुल चार-चाळीसला होईल, हा हिशोब बहुतेकांचा जमत नाही. पळताना शरीर स्नायूंत आणि यकृतात साठवलेलं ग्लायकोजन, म्हणजे साखरेचा राखीव साठा, वापरतं. तिसाव्या किलोमीटरच्या आसपास हा साठा तळाला जातो आणि पाय उचलेनासे होतात. हाफ त्याच्या आतच संपते, त्यामुळे हा अनुभव तुमच्या गाठीशी नसतो.

त्यासाठी लाँग रन हवेत, हळूहळू ३०-३२ किलोमीटरपर्यंत. किलोमीटरला साडेसात मिनिटं धरली तर ३२ ला चार तास लागतात. पहाटे पाचला निघालात, गंगापूर रोडने सोमेश्वर, पुढे धरणाकडे जाऊन परत, की घरी यायला नऊ. मग दुपारभर झोप. मुलांचा रविवार गेला. आणि सोमवारी अंबडला फर्स्ट शिफ्ट, आठ तास मशीनपुढे उभं राहायचं, जिना उतरताना कठडा धरायचा. असे सोमवार चार-पाच महिने येत राहतात. मला विचाराल तर निर्णय या सोमवारावरून घ्यावा.

निफाड-दिंडोरीच्या द्राक्षवाल्या मित्रांनो, तुमच्यासाठी जरा वेगळं. ऑक्टोबर छाटणी, डिपिंग (घड द्रावणात बुडवणं), थिनिंग (मणी विरळ करणं), वर अवकाळीची धास्ती, आणि जानेवारीच्या फुलचा सगळा जड सराव नेमका त्याच महिन्यांत. त्यात झोप मोडून अंतर वाढवलंत तर दुखापत ठरलेली. छाटणीच्या आधी होणारी एखादी स्पर्धा बघा, तयारी पावसाळ्यात होईल.

मुंबईची हवाही धरा. आपण डिसेंबरच्या कोरड्या गारव्यात सराव करतो, तिथे दमट हवेत घाम सुकत नाही. इथला पेस, म्हणजे पळण्याचा वेग, तिथे टिकत नाही, आणि परतीला पेडर रोडचा चढ आहेच.

आपल्या सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटरला कांस्यपदक जिंकलं. ऑलिंपिकची मॅरेथॉन ती पळाली २०१६ मध्ये, रिओला. इतक्या ताकदीची धावपटू, तिच्याही मागे वर्षानुवर्षांचा पाया होता. मग आपण एका हाफवर घाई का करावी?

फॉर्म भरण्याआधी एवढं करा. पस्तिशी ओलांडली असेल तर बीपी, शुगर, ईसीजी करून डॉक्टरांशी बोला. मग सलग चार आठवडे, आठवड्यातून चार दिवस पळा. रविवारचं अंतर १८ वरून २४ पर्यंत न्या. चौथ्या सोमवारी मांड्या भरून आल्या असतील तर चालेल. पण गुडघ्यात, टाचेत किंवा नडगीवर एकाच जागी टोचत असेल, तर थांबा. तसं काही नसेल, कामावर नीट उभं राहता आलं आणि घरच्यांशीही मोकळं बोलणं झालं असेल, तर बिनधास्त नाव नोंदवा. नाहीतर यंदा पुन्हा हाफच, पण दहा मिनिटं कमी वेळात.