परदेशात मुलांची सहल पहिल्यांदाच नेताय? आधी मोजणी बसवा

नमस्कार. मुलांना घेऊन पहिल्यांदाच परदेशी निघालेल्या शिक्षकांसाठी आजचा व्हिडिओ आहे.

माझ्या पहिल्या सहलीत २४ मुलं होती. दुसऱ्याच दिवशी मेट्रोत चढलो, दारं बंद झाली आणि बघते तर काचेपलीकडे फलाटावर आमची एक मुलगी उभी! गाडी सुटलीसुद्धा. खरं तर सगळ्यात शेवटी मी चढायला हवं होतं. गर्दी बघून मधेच आत शिरले, ती चूक माझीच. पुढच्या स्टेशनवर माझी सहकारी उतरली आणि उलट्या गाडीने मागे गेली. मुलगी त्याच खांबाला टेकून उभी होती. डोळे भरून आले होते, पण जागची हलली नव्हती. कारण आदल्या रात्री आम्ही सगळ्यांकडून वदवून घेतलं होतं, की चुकामूक झाली तर आहात तिथेच थांबायचं, शोधायला आम्ही येऊ. दोघंही एकमेकांना शोधत फिरले तर भेट होता होत नाही.

म्हणून सगळ्यात आधी मोजणी. डोकी मोजू नका. डोकी मोजून २३ भरली, तर एक कमी आहे एवढंच कळतं. कोण ते शोधण्यात वेळ जातो. प्रत्येक मुलाला एक नंबर द्या आणि मुलांनीच तो ओळीने, मोठ्याने म्हणायचा. सतराचा आवाज आला नाही, की सतरा कोण ते तुम्हाला पाठच असतं. आणि एक नियम कडक ठेवा: मित्राचा नंबर मित्राने म्हणायचा नाही. मुलं मदत म्हणूनच करतात, पण घात तिथेच होतो. मोजणी बसमध्ये चढल्यावर, उतरल्यावर, संग्रहालयात शिरताना, बाहेर पडताना. एक मोठं माणूस सगळ्यात पुढे, एक सगळ्यात मागे, आणि मागच्याने कितीही घाई असली तरी जागा सोडायची नाही.

आता कागद. (पासपोर्ट उघडून दाखवत) ही मुदतीची तारीख बघा. बऱ्याच देशांना पासपोर्ट प्रवासानंतरही सहा महिने चालणारा लागतो. शेंगेन देशांत, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येतं अशा युरोपातल्या देशांत, तिथून निघण्याच्या तारखेपुढे निदान तीन महिने मुदत हवी. मुलांचा पासपोर्ट अनेक देशांत पाचच वर्षांचा असतो, त्यामुळे तो संपत आलाय हे पालकांच्या लक्षातही नसतं. तारखा तोंडी विचारू नका, स्वतःच्या डोळ्यांनी बघा. तिकिटावरचं नाव पासपोर्टवरच्या नावाशी अक्षरन् अक्षर जुळवा. पालकांचं संमतिपत्र दोघांच्याही सहीचं घ्या. पासपोर्टची प्रत आणि दोन फोटो प्रत्येकाचे वेगळे ठेवा. पासपोर्ट हरवला तर आधी पोलिसांत तक्रार आणि मग आपल्या देशाचा दूतावास, तिथे हे लागतं.

औषधांबद्दल मात्र मी हट्टी आहे. एका देशातलं साधं औषध दुसऱ्या देशात गुन्हा ठरू शकतं. जपानमध्ये १० टक्क्यांपेक्षा जास्त स्यूडोएफेड्रिन असलेली सर्दीची औषधं नेता येत नाहीत, आणि एकाग्रतेसाठी काही मुलांना देतात ती अ‍ॅम्फेटामिनची औषधंही नाहीत. तेव्हा पालकांकडून यादी महिनाभर आधी घ्या आणि ज्या देशात जायचंय त्या देशाच्या दूतावासाकडून खात्री करून घ्या. औषध मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. इन्हेलर, इन्सुलिन हातातल्या बॅगेत. सामानात टाकलं आणि बॅग उशिरा आली तर? पॉवर बँकही हातातल्याच बॅगेत, ती सामानात चालत नाही.

आणीबाणीचा नंबर मुलांना पाठ करायला लावा. युरोपीय संघात ११२, अमेरिका आणि कॅनडात ९११.

पालकांना रोज संध्याकाळी ठरलेल्या वेळी एकच मेसेज. काही बरं-वाईट झालं तर मात्र मेसेज नाही, थेट फोन, आणि तोही मुलांच्या फोनवरून बातमी घरी पोहोचायच्या आत. त्या मुलीच्या आईला मी स्टेशनवरूनच फोन केला होता. आधी म्हटलं, ती माझ्याशेजारी उभी आहे. बाकीचं नंतर सांगितलं.

निघायच्या आठवडाभर आधी शाळेतच एका दारातून सगळ्यांना आत-बाहेर करून मोजणी घेऊन बघा. आमची पहिली मोजणी तीन मिनिटं चालली होती. पाचव्या खेपेला २० सेकंदांत झाली.