जेरुसलेम, मुंबई, इस्तंबूल

[दृश्य: कृष्णधवल चित्रफीत. जेरुसलेम, जैतुनाचा डोंगर.]

5 जानेवारी 1964. जैतुनाच्या डोंगरावरच्या एका घराच्या दारात ही गर्दी उसळली आहे. पांढरीशुभ्र लांब दाढी, काळा झगा आणि गर्दीत सगळ्यांच्या वर दिसणारं डोकं, हे अथेनागोरस. कॉन्स्टँटिनोपलचे, म्हणजे आजच्या इस्तंबूलचे पॅट्रिआर्क, ऑर्थोडॉक्स म्हणजे पूर्वेकडच्या ख्रिस्ती जगातले मानाचे पहिले धर्मगुरू. त्यांना सामोरे जात आहेत किरकोळ अंगकाठीचे पोप पॉल सहावे. दोघं एकमेकांना कवेत घेतात.

रोमचे पोप आणि कॉन्स्टँटिनोपलचे पॅट्रिआर्क याआधी भेटले होते ते 1439 साली, फ्लॉरेन्सच्या परिषदेत. मधे सव्वापाचशे वर्षं गेली.

त्या रात्री एक गंमत झाली. दोघं फ्रेंचमध्ये खासगी बोलायला बसले आणि इटालियन दूरदर्शनचे मायक्रोफोन चालूच राहिले. त्यामुळे बोलणं आज जसंच्या तसं उपलब्ध आहे. त्यात मुत्सद्दीपणा शोधायला गेलात तर फारसा हाती लागत नाही. पोप विचारतात, चर्चच्या रचनेबद्दल तुमच्याकडे काय मानतात, ते मला समजून घ्यायचं आहे. रोमचा पोप ऑर्थोडॉक्स पॅट्रिआर्कला हे विचारतो, यातच पुष्कळ काही आलं.

[दृश्य: हागिया सोफिया, आतला घुमट.]

रोम आणि कॉन्स्टँटिनोपल यांचं भांडण जुनं. 16 जुलै 1054 रोजी पोपचे दूत कार्डिनल हुंबर्ट याच वास्तूत, तेव्हाच्या कॉन्स्टँटिनोपलच्या मुख्य चर्चमध्ये, शिरले आणि पॅट्रिआर्क मायकेल सेरुलारियस यांच्या बहिष्काराचं पत्र वेदीवर ठेवून निघून गेले. ज्या पोपनी त्यांना धाडलं होतं, ते लिओ नववे एप्रिलमध्येच वारले होते! पॅट्रिआर्कनी उलटा बहिष्कार घातला. वाद कशावरून? मिस्सेची, म्हणजे चर्चच्या मुख्य उपासनेतली, भाकर खमिराची की बेखमीर, विश्वासांगीकारात, म्हणजे श्रद्धेच्या ठरलेल्या कबुलीत, पश्चिमेनं घातलेला एक शब्द, आणि मुख्य म्हणजे पोपचा अधिकार कुठवर चालायचा.

पण आमच्या मते लोकांच्या मनात सलत राहिलं ते 1204. त्या वर्षी क्रूसेडवर, म्हणजे धर्मयुद्धावर, निघालेल्या पश्चिमेच्या फौजांनी कॉन्स्टँटिनोपल लुटलं. ख्रिस्ती माणसांनी ख्रिस्ती शहर लुटलं. हे कुठल्या पत्रानं पुसलं जाणार?

म्हणून जेरुसलेममध्ये शब्दांपेक्षा हातांनी जास्त काम केलं. पोपनी चषक दिला. पॅट्रिआर्कनी गळ्यातलं पदक दिलं, आणि पोपनी ते तिथल्या तिथे गळ्यात घातलं. मग दोघांनी योहानाच्या शुभवर्तमानाचा सतरावा अध्याय आळीपाळीनं वाचला, ग्रीकमध्ये आणि लॅटिनमध्ये. ‘त्या सर्वांनी एक व्हावे’ ही येशूची प्रार्थना त्याच अध्यायातली.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये रोमनं संत आंद्रियाच्या शिराचे अवशेष ग्रीसमधल्या पात्रास शहराला परत केले. ते 1462 पासून रोममध्ये होते. आंद्रिया हा येशूचा शिष्य, पोप ज्याचा वारसा सांगतात त्या पेत्राचा भाऊ, आणि कॉन्स्टँटिनोपल आपली परंपरा त्याच्यापर्यंत नेतं.

[दृश्य: मुंबई, ओव्हल मैदान, डिसेंबर 1964.]

आणि मग मुंबई. आंतरराष्ट्रीय युखरिस्टिक काँग्रेस या कॅथलिकांच्या जागतिक मेळाव्यासाठी पॉल सहावे 2 डिसेंबरला इथं उतरले. भारतात पाऊल ठेवणारे हे पहिले पोप. पोर्तुगाल मात्र चिडलं. गोवा हातून जाऊन तीन वर्षंही झाली नव्हती, आणि तिथला हुकूमशहा सालाझार याच्या सरकारला ही भेट जखमेवर मीठ चोळणारी वाटली.

3 तारखेला पोप इतर धर्मांच्या प्रतिनिधींना भेटले. देवाचा अथक शोध घेणारं राष्ट्र, असं भारताचं वर्णन करून त्यांनी बृहदारण्यक उपनिषदातली प्रार्थना उद्धृत केली. ‘असतो मा सद्गमय’. आपल्याकडे शाळेच्या प्रार्थनेत पोरं जी घाईघाईनं उरकतात, तीच. पुढच्या वर्षी, 28 ऑक्टोबरला, जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं जाहीर केलं की इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे, त्यातलं काहीही चर्च नाकारत नाही.

मुंबईतच, 4 डिसेंबरला, पत्रकारांसमोर त्यांनी जगाला आवाहन केलं. शस्त्रांवरच्या खर्चातला काही भाग तरी बाजूला काढा आणि गरिबांसाठी जागतिक निधी उभारा. दीडच महिन्यापूर्वी चीननं पहिला अणुस्फोट केला होता. निधी काही उभा राहिला नाही. वर्ष उलटायच्या आत भारत-पाकिस्तान युद्ध पेटलं.

[दृश्य: इस्तंबूल, फनार. पॅट्रिआर्कचं चर्च.]

7 डिसेंबर 1965. रोममध्ये आणि इथं फनारला एकाच वेळी एकच निवेदन वाचलं गेलं. 1054चे बहिष्कार स्मृतीतून आणि चर्चमधून दूर करण्यात येत आहेत. एवढ्यानं मतभेद मिटत नाहीत, हेही त्यातच प्रांजळपणे नोंदवलं होतं. अथेनागोरस यांची घरची स्थितीही नाजूक होती. सायप्रसच्या वादापायी तुर्कस्तान 1964 पासून इस्तंबूलमधल्या ग्रीक नागरिकांना हद्दपार करत होतं. पॅट्रिआर्कभोवतीची वस्ती विरळ होत चालली होती.

[दृश्य: इझनिक, तलावाकाठचे अवशेष.]

आज साठ वर्षांनंतरही कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स एकत्र प्रार्थना करतात, पण एका वेदीवरून ख्रिस्तप्रसाद घेत नाहीत. ईस्टरही वेगवेगळा. सगळ्यांचा ईस्टर एकाच दिवशी असावा असं ठरवणाऱ्या निसियाच्या परिषदेला 1700 वर्षं झाली त्या 2025 साली दोघांचा ईस्टर योगायोगानं एकाच दिवशी, 20 एप्रिलला आला. नोव्हेंबरमध्ये पोप लिओ चौदावे आणि पॅट्रिआर्क बार्थोलोम्यू इझनिकला, म्हणजे जुन्या निसियाला, एकत्र आले आणि ईस्टरची तारीख कायमची एक व्हावी, ही इच्छा त्यांनी पुन्हा बोलून दाखवली. 2026 मध्ये पश्चिमेचा ईस्टर 5 एप्रिलला, पूर्वेचा 12 एप्रिलला.