काठावरची बाळे

अध्यक्ष महोदय आणि श्रोतेहो, निमंत्रणपत्रिकेत विषय छापला आहे 'बाप्तिस्मा न मिळालेल्या बालकांचे तारण', म्हणजे मृत्यूनंतर त्यांचा उद्धार होतो की नाही, आणि वेळ छापली आहे पंचेचाळीस मिनिटे. त्यातील बारा मिनिटे माझा परिचय करून देण्यात गेली. त्या परिचयाने माझ्या स्वतःच्या तारणाची आशा बरीच वाढली असली, तरी बालकांचा वेळ तेवढा कमी झाला.

आधी माझी एक जुनी तक्रार ऐकून घ्यावी. या विषयावर मी कुठेही बोललो, की पहिल्या रांगेतील एखादे गृहस्थ समजूतदारपणे मान हलवून म्हणतात, "म्हणजे तुमच्याकडचे बारसेच ते." पाळणा, घुगऱ्या आणि आत्याने कानात सांगितलेले नाव यांच्याविषयी मला पूर्ण आदर आहे, पण बारसे लांबले तर फार तर मुलाला वर्षभर 'बाळ्या' म्हणतात, त्याच्या परलोकाचा प्रश्न उभा राहत नाही. बाप्तिस्म्याचे तसे नाही. पाण्यापासून आणि आत्म्यापासून जन्मल्यावाचून देवाच्या राज्यात प्रवेश नाही, हे योहानाच्या शुभवर्तमानातील वचन शब्दशः घेतले, तर पाणी मिळण्यापूर्वी गेलेले बाळ दाराबाहेरच राहते. शिवाय मराठी वाचकाला बाप्तिस्मा म्हटले की रेव्हरंड ना. वा. टिळकांचा १८९५ मधला प्रसंग आठवतो. तो तेहतीस वर्षांच्या माणसाने स्वतः विचार करून घेतलेला निर्णय होता. आठ दिवसांच्या जिवाने कोणता निर्णय घ्यावा?

माझ्या आजीला हा प्रश्न पुस्तकातून पडला नव्हता. वसईच्या बाजूच्या आमच्या गावात सुईणबाई हिंदू होत्या आणि आजीने त्यांच्याकडून एक वाक्य तोंडपाठ करून घेतले होते : "पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने मी तुला बाप्तिस्मा देते." बाळ निळे पडलेले दिसले, तर फादरांना बोलावणे धाडण्यात वेळ न दवडता तांब्यातील पाणी त्याच्या कपाळावर ओतायचे आणि हे म्हणायचे. यात आजीचा आगाऊपणा काही नव्हता. निकडीच्या प्रसंगी कोणीही, अगदी ख्रिस्ती नसलेली व्यक्तीही, चर्चला अभिप्रेत असलेला हेतू मनात धरून बाप्तिस्मा देऊ शकते, असे चर्चच्या फ्लॉरेन्सच्या धर्मपरिषदेने १४३९ मध्येच सांगून ठेवले आहे. सुईणबाईंनी असे किती जीव वाचवले ते ठाऊक नाही, पण किती आत्मे वाचवले याचा हिशेब आजीजवळ होता.

त्या हिशेबात एक खाडाखोड होती. तिचे स्वतःचे दुसरे मूल जन्मले तेच निपचित. सुईणबाईंनी पाणी ओतले, परंतु संस्कार जिवंतांसाठी असतो, आणि त्या वेळच्या फादरांनी 'मूल मृतच जन्मले' असा निर्णय दिला. १९१७ च्या चर्च कायद्यानुसार बाप्तिस्म्यावाचून गेलेल्याला ख्रिस्ती दफनविधी नव्हता; म्हणून ते बाळ दफनभूमीच्या कुंपणाबाहेर पुरले गेले. सुईणबाईंना पुरण्याचे नवल वाटले नाही, कारण दात न आलेल्या मुलाला हिंदूही अग्नी देत नाहीत. त्यांना नवल वाटले ते कुंपणाचे. आजी मात्र शेवटपर्यंत सांगत राहिली, "त्याची मूठ हलली होती. मी पाहिली."

हे कुंपण घालणाऱ्यांत सर्वांत थोर नाव चौथ्या-पाचव्या शतकातील धर्मपंडित संत ऑगस्टीनचे. गंमत अशी, की आई मोनिका ख्रिस्ती असूनही त्याचा स्वतःचा बाप्तिस्मा बालपणी झाला नव्हता. आजारपणात तयारी झाली, मुलगा बरा झाला आणि बेत लांबणीवर पडला, तो ३८७ मध्ये मिलानला बिशप अँब्रोसच्या हातून तडीस गेला. पुढे मूळ पाप न मानणाऱ्या पेलागियसच्या अनुयायांशी वाद घालताना त्याने विचारले, की अर्भकांना आपण पापक्षमेसाठी बाप्तिस्मा देतो. त्यांनी स्वतः पाप केलेले नाही. मग क्षमा कशाची? ती आदामापासून आलेल्या मूळ पापाची. म्हणून बाप्तिस्म्यावाचून गेलेले बाळ दंडास पात्र आहे. हा दंड मात्र सर्वांत सौम्य असेल, असे तो म्हणतो. ही सौम्यता कोणत्याही आईला पटली असेल असे मला वाटत नाही.

मध्ययुगातील पंडितांनाही ती पटली नाही, म्हणून त्यांनी 'लिम्बो' काढला. लॅटिनमध्ये 'लिम्बस' म्हणजे वस्त्राची किनार, आपल्या लुगड्याचा काठ म्हणा. नरकाच्या या काठावर यातना नाहीत, परंतु देवाचे दर्शनही नाही. आणि आपण काय गमावले हे ठाऊकच नसल्यामुळे तिथली बालके एका नैसर्गिक सुखात राहतात, असे तेराव्या शतकातील धर्मपंडित थॉमस अक्वायनसने समजावले. इटालियन कवी दान्तेने आपल्या काव्यात त्यांना होमर आणि व्हर्जिल या ख्रिस्तपूर्व महाकवींच्या सोबतीला बसवले. सोबत चांगली आहे, पण तान्ह्या मुलाला होमरचा काय उपयोग?

आया काठावर थांबल्या नाहीत. स्वित्झर्लंडमध्ये बर्नजवळ ओबरब्यूरेन येथे मरियेचे एक तीर्थस्थान होते आणि तिथे लोक मृत अर्भके घेऊन येत. कॉन्स्टन्सच्या बिशपांनी १४८६ मध्ये पोपकडे तक्रार केली, तिच्यात सारा प्रकार वर्णिला आहे : बायका त्या इवल्या देहाला निखारे आणि दिवे यांच्यामध्ये ठेवून ऊब देत, ओठांवर एक पीस ठेवत, आणि वाऱ्याने किंवा निखाऱ्यांच्या धगीने ते पीस हलले, की मूल श्वास घेते आहे असे ठरवून तत्काळ बाप्तिस्मा देत व घंटा वाजवून त्याला पवित्र भूमीत पुरत. १५२८ मध्ये बर्न प्रॉटेस्टंट झाले आणि तीर्थ मोडले. १९९०च्या दशकात उत्खनन झाले तेव्हा सुमारे अडीचशे अर्भकांचे सांगाडे मिळाले, त्यांतील काही मुदतीपूर्वी जन्मलेल्यांचे. बिशपांचे म्हणणे शास्त्रशुद्ध होते, हे मी मान्य करतो. परंतु ते पीस मी वाचले, तेव्हा मला आजीने पाहिलेली मूठ आठवली, आणि बिशपांच्या बाजूने बसणे मला आजवर जमलेले नाही.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. तीवर 'पाच मिनिटे' असे लिहून खाली दोन रेघा ओढल्या आहेत. तेव्हा ज्यासाठी बोलावले तो मुद्दा आता भराभर सांगतो. सोळाव्या शतकातील प्रॉटेस्टंट सुधारणावाद्यांना दोन वाक्ये देतो. कॅल्विनच्या मते विश्वासणाऱ्यांची मुले जन्मतःच देवाने केलेल्या कराराच्या आत असतात, म्हणून त्याने सुईणीच्या बाप्तिस्म्यालाच विरोध केला. बालबाप्तिस्मा नाकारून प्रौढांना पुन्हा बाप्तिस्मा देणाऱ्या फेलिक्स मान्झला झ्युरिकने १५२७ मध्ये लिमाट नदीत बुडवून मारले.

माझा मुद्दा असा : ऑगस्टीनचा युक्तिवाद सिद्धांताकडून विधीकडे गेला नव्हता, तर विधीकडून सिद्धांताकडे गेला होता. चर्च बालकांना बाप्तिस्मा देते, यावरून त्याने मूळ पाप सिद्ध केले. कुंपण उघडले तेही त्याच वाटेने. कॅथलिक चर्चच्या १९६९ च्या नव्या अंत्यविधी-ग्रंथात, आईवडिलांची बाप्तिस्मा देण्याची इच्छा होती पण त्यापूर्वीच मूल गेले, अशा मुलासाठी बिशपांच्या अनुमतीने प्रार्थना आली. आता ज्याच्यासाठी चर्च वेदीपाशी प्रार्थना करते, त्याला आशा नाही असे कोणत्या तोंडाने म्हणणार? १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथाने लिम्बोचे नाव न घेता या बालकांना देवाच्या दयेवर सोपवले, आणि एप्रिल २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्हॅटिकनच्या आंतरराष्ट्रीय धर्मज्ञान आयोगाच्या दस्तऐवजाने त्यांच्या तारणाची आशा बाळगण्यास गंभीर आधार आहे असे म्हटले. या आधारांत हा अंत्यविधीही मोजला आहे. दस्तऐवज आशा म्हणतो, खात्री म्हणत नाही, आणि लिम्बो हे एक संभाव्य मत म्हणून अजून शिल्लक ठेवतो. वृत्तपत्रांनी 'लिम्बो रद्द' असे मथळे दिले, ते चूक होते.

आजी हे सारे होण्याआधीच गेली. कुंपण मात्र पुढे दफनभूमी वाढवताना पाडले गेले आणि ती जागा आपोआप आत आली. दुसरी चिठ्ठी आली आहे. प्रश्नोत्तरांना मी तयार आहे. बारशाचा प्रश्न कृपया कोणी विचारू नये.