‘रिकामं आहे’ म्हणण्याआधी

नमस्कार मंडळी.

पुढच्या रांगांत अभियांत्रिकीची मुलं बसली आहेत आणि मागे गिरणीत, साखर कारखान्यात आयुष्य काढलेली माणसं. आज मला दोघांचीही गरज आहे. कशासाठी, ते शेवटी सांगते.

माझे वडील इथल्या एका गिरणीत साचेखात्यात होते. सोलापुरातली पहिली गिरणी 1877 साली सुरू झाली, आणि तेव्हापासून पुढची शंभर वर्षं हे गाव भोंग्यावर उठलं आणि भोंग्यावर जेवलं. गिरण्या बंद का पडल्या यावर आपल्याकडे भरपूर बोललं गेलंय. पण बंद पडलेला बॉयलर, ती चिमणी, ते तेलाचे हौद पुढे कोण उतरवतं आणि कसं उतरवतं, यावर फारसं कोणी बोलत नाही. माझी निम्मी नोकरी त्याच कामात गेली. मी औद्योगिक सुरक्षा अधिकारी होते आणि जुने कारखाने उतरवण्याच्या कामांवर देखरेख करायची.

चिमणीपासूनच सुरू करू, कारण ती तुम्ही सगळ्यांनी पाहिली आहे. 15 जून 2023 ला सिद्धेश्वर साखर कारखान्याच्या सहवीज प्रकल्पाची चिमणी पाडली. सुमारे 90 मीटर उंचीची. विमानतळाला होणारा तिचा अडथळा, कोर्टकचेऱ्या, आंदोलनं हे सगळं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे, त्यात मी शिरत नाही. मला बोलायचंय ते त्या काही सेकंदांबद्दल. मोबाइलवर आपण फक्त ते सेकंद बघतो, आणि पाडकाम म्हणजे तेवढंच असं आपल्याला वाटतं.

मोकळी जागा असेल तर उंच काँक्रीटची चिमणी झाडासारखी पाडतात. बाभळ तोडताना ती जिकडे पडायला हवी तिकडच्या बाजूला आधी खाच घेतात, बरोबर ना? इथेही तेच. पडायच्या बाजूला बुंध्याला मोठी खाच, आणि मागच्या बाजूला काँक्रीटचा एक पट्टा मुद्दाम शिल्लक. तो पट्टा म्हणजे बिजागरी. चिमणी त्या बिजागरीवर कलते. बिजागरी वेळेआधी चिरडली तर चिमणी कलायच्या ऐवजी खाली बसते किंवा वळते, आणि मग ती कुठे पडेल हे कुणीच सांगू शकत नाही. शिवाय बुंध्याशी धूर आत येण्याची आणि राख काढण्याची तोंडं आधीपासूनच असतात. ती बाजू मुळातच कमजोर. नकाशात नसलेलं, कधीतरी विटांनी बुजवून वर गिलावा केलेलं असं एखादं तोंड राहून गेलं, तर सगळं गणित फिरतं. म्हणून खाच घेण्याआधी बुंधा चारी बाजूंनी ठोकून, भोकं पाडून तपासतात. पडायच्या जागी मऊ मातीचे बांध घालतात, म्हणजे जमीन कमी हादरते आणि तुकडे उडत नाहीत. स्फोटकं वापरायची असतील तर खांबांना जाळी आणि जाड कापड गुंडाळतात. नोएडाचे जुळे टॉवर 28 ऑगस्ट 2022 ला पाडले तेव्हा सुमारे 3,700 किलो स्फोटकं वापरली होती. ते कोसळायला काही सेकंदच लागले. तयारीला मात्र महिने लागले होते.

जागा नसेल तर वरून खाली. गिरण्यांच्या जुन्या चिमण्या विटांच्या आणि चुन्याच्या, आत लोखंड नाही. त्या एकेक थर करत हातानं उतरवतात. विटा बाहेर टाकायच्या नाहीत, चिमणीच्याच पोटात सोडायच्या. खालच्या दारातून त्या उपसायच्या त्या वरचं काम पूर्ण थांबल्यावरच. हा नियम ऐकायला किती साधा आहे! पण खाली ट्रॅक्टर येऊन उभा असतो, ड्रायव्हर हॉर्न वाजवत असतो, मुकादम म्हणतो, ‘दोन घमेली काढून घ्या रे, वरचे चहाला गेलेत.’ ते चहाला गेलेत हे पाहिलंय कुणी?

आता माझ्या मुद्द्याकडे येते. बंद कारखाना मेलेला नसतो. वीज कापली, कामगार गेले, गेटला कुलूप लागलं, तरी आत खूप काही जागं असतं. कन्व्हेयरचा पट्टा ताणून धरणारं टनावारी वजन तसंच लटकत असतं. कपॅसिटरमध्ये वीज साठलेली असते. स्प्रिंगा दाबलेल्या असतात. म्हणून पहिला हातोडा पडण्याआधी कारखाना पूर्ण थंड आणि अंधारा करायचा असतो. नुसता स्विच बंद करून चालत नाही, केबल दोन्ही टोकांना तोडून मधे हवा दिसली पाहिजे. पाइपाचा व्हॉल्व्ह बंद करून भागत नाही, व्हॉल्व्ह गळतात. जोड खोलून मधे पोलादी चकती घालायची. आणि पाडकामासाठी जी तात्पुरती वीज घ्यायची तिची केबल वेगळ्या रंगाची, म्हणजे उरलेली प्रत्येक केबल मेलेली आहे हे नजरेला कळतं.

एक प्रसंग सांगते. कारखान्याचं नाव घेणार नाही. फर्नेस ऑइलची, म्हणजे भट्टीत जाळायच्या जाड तेलाची, चार इंची लाइन होती, आठ वर्षं बंद. कागदावर शेरा होता, ‘लाइन रिकामी’. त्या कागदावर सही माझी होती. लाइनचा वरचा जोड मी स्वतः खोलून पाहिला होता, कोरडा ठणठणीत. गॅस कटरवाला पोरगा पंचविशीचा, अक्कलकोटकडचा. त्यानं ज्योत लावली, पाइप लाल झाला, कापाची रेघ पुढे सरकायला लागली. आणि मग एक आवाज आला, ओल्या लाकडाला चूल लागते तसा, चर्र. रस्त्याखालून जाताना त्या लाइननं खाली एक वळसा घेतला होता. त्या वळशात आठ वर्षं तेल बसून होतं. थंडीत ते डांबरासारखं घट्ट होतं, उष्णता लागली की त्याची वाफ होते. ज्वाळा कापातून बाहेर आली आणि त्याच्या उजव्या हातावरून गेली. हातमोजा होता म्हणून बोटं वाचली. कोपरापर्यंतची कातडी गेली.

त्या रात्री दवाखान्याच्या बाकावर त्याच्या आईशेजारी बसले होते. ती मला काही बोलली नाही. तिनं काहीतरी बोलायला हवं होतं, असं मला आजही वाटतं.

तेव्हापासून माझ्या कामावर नियम झाला. कुठलीही लाइन कापण्याआधी तिच्या सगळ्यांत खालच्या बिंदूला हाताच्या ड्रिलनं, पाणी सोडत, बारीक भोक पाडायचं. खाली बादली ठेवायची आणि थांबायचं. काय ठिबकतंय ते बघायचं. मग ज्योत.

टाकीची गोष्ट तर आणखी कठीण. साखर कारखान्यात मळीची टाकी उपसून ‘रिकामी’ केली तरी तळाला हातभर गाळ असतो. तो आंबतो, आणि त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड, तळाशीच बसून राहतो. वास नाही, रंग नाही. सांडपाण्याच्या हौदात हायड्रोजन सल्फाइड असतो. त्याला सडक्या अंड्याचा वास येतो हे सगळ्यांना माहीत असतं. पण प्रमाण वाढलं की तो नाकच बधिर करतो. वास गेला म्हणून माणूस निर्धास्त होतो, आणि नेमका तेव्हाच धोका सर्वांत मोठा असतो. हवेत ऑक्सिजन 20.9 टक्के असतो. मीटरवर 19.5 च्या खाली आकडा दिसला तर आत पाय टाकायचा नाही. आणि आत कुणी पडला तर त्याच्यामागे तसंच उडी मारून जायचं नाही. आपल्याकडे अशा हौदात एक जातो, मग त्याला काढायला दुसरा, मग तिसरा. बातमी वाचताना आपण हळहळतो. अहो, तिघंही एकाच चुकीनं गेलेले असतात.

आता वजनाबद्दल, मुलांनी हे नीट ऐका. आपल्या शेजारी फताटेवाडीला एनटीपीसीचा वीज प्रकल्प आहे, 660 मेगावॉटचे दोन संच. तेवढ्या मोठ्या संचाचा बॉयलर जमिनीवर उभा नसतो, हे किती जणांना माहीत आहे? तो वरच्या पोलादी सांगाड्याला लटकवलेला असतो, कारण तापल्यावर तो खालच्या दिशेला वाढतो आणि त्याला वाढायला जागा लागते. म्हणजे असा बॉयलर कधी उतरवायचा झाला, तर खाली दिसणारे खांब हजारो टनांचं लटकतं ओझं वाहत असतात. घर पाडताना छप्पर आधी, भिंत नंतर, हे गवंड्याला कळतं. इथे काय आधी आणि काय नंतर, हे डोळ्यांना कळत नाही. ते गणितातच कळतं.

इंग्लंडमध्ये डिडकॉट इथल्या बंद वीजकेंद्राचं बॉयलर हाउस 23 फेब्रुवारी 2016 ला कोसळलं. स्फोटानं पाडण्यासाठी त्याचं पोलाद आधी कापून कमजोर करण्याची तयारी चालू होती. चार कामगार गेले. शेवटचा मृतदेह सप्टेंबरमध्ये हाती लागला. सहा महिन्यांहून जास्त त्या घरांनी वाट पाहिली. पाडकामातली सगळ्यांत नाजूक अवस्था हीच असते. इमारत अजून उभी आहे, बघणाऱ्याला धडधाकट वाटते आहे, पण आतून तिची ताकद काढून घेतलेली आहे.

मग आपल्याकडे चूक कुठे होते? यंत्रं नाहीत म्हणून? नियम नाहीत म्हणून? इमारती पाडण्याच्या सुरक्षेची भारतीय मानक संहिता, आयएस 4130, कित्येक दशकांपासून आहे. माझ्या मते चूक निविदेत होते. बंद कारखाना बहुतेक वेळा भंगार म्हणून विकला जातो, ‘जसं आहे, जिथं आहे’ या अटीवर. म्हणजे मालक पैसे देत नाही, ठेकेदारच मालकाला पैसे देतो आणि लोखंड नेतो. मग ठेकेदारासाठी पाइप तपासण्याचा प्रत्येक दिवस तोट्याचा. तांबं आधी निघतं, कारण त्याला भाव आहे. सांगाड्याचे आडवे-तिरपे आधार आधी कापले जातात, कारण ते हाताशी आहेत. इमारत कशी उभी आहे यावरून क्रम ठरायला हवा, तो ठरतो भंगाराच्या दरावरून. मला याचा राग येतो आणि तो मी लपवत नाही. सफाईचं आणि तपासणीचं काम वेगळं काढा, त्याचे पैसे मालकानं वेगळे द्यावेत, आणि ते झाल्याचा दाखला मिळाल्याशिवाय भंगारवाल्याला गेटच्या आत घेऊ नये. एवढी एक अट घातली तरी कितीतरी हात वाचतील.

भंगारात काय जातं याचंही भान हवं. वाफेच्या जुन्या पाइपांवरच्या लेपात अ‍ॅस्बेस्टॉस असतो. तो कोरडा फोडायचा नाही. भिजवायचा, सलग काढायचा, दुहेरी पिशवीत बांधायचा. त्याचा तंतू फुप्फुसात गेला तर आजार वीस-तीस वर्षांनी दिसतो, तेव्हा ठेकेदारही नसतो आणि हजेरीपटही नसतो. काही कारखान्यांत पातळी मोजायच्या उपकरणात किरणोत्सारी स्रोत असतो, मुठीएवढ्या शिशाच्या डबीत. शिशाला भाव येतो, म्हणून ती डबी कुणीतरी फोडतो. दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात 2010 साली असाच कोबाल्टचा स्रोत पोचला होता, प्रयोगशाळेतल्या जुन्या यंत्रातून. एक कामगार त्यात गेला.

आणि भोपाळ. दुर्घटना 1984 ची. कारखान्याच्या आवारात पडून राहिलेला 337 टन विषारी कचरा तिथून हलला तो जानेवारी 2025 मध्ये, पिथमपूरला जाळण्यासाठी. मधे चाळीस वर्षं गेली. एक पिढी त्या कुंपणाशेजारी जन्मली आणि मोठी झाली.

आता तुमच्याकडे काय मागायचं होतं ते. कारखान्याचे नकाशे मिळतात, पण ते बांधतानाचे असतात. नंतर कुठे लाइन वळवली, कुठला हौद पत्रा टाकून झाकला, कुठल्या शेडखाली बोगदा आहे, हे त्या नकाशात नसतं. ते तुमच्या डोक्यात आहे. माझे वडील शेवटच्या आजारपणात अंथरुणावर पडून मला त्यांच्या खात्याचा सगळा आराखडा तोंडी सांगायचे, इथे मोरी, तिथे शाफ्टचा खड्डा, त्याच्या पलीकडे तेलाची टाकी. मी तेव्हा ‘हो अण्णा’ म्हणत औषधाची वेळ बघत होते. लिहून घेतलं नाही.

मागच्या टेबलावर मोठे कागद आणि पेन्सिली ठेवल्या आहेत. ज्यांनी बॉयलरवर, पंपावर, मळीच्या टाकीवर, कुठल्याही खात्यात काम केलंय, त्यांनी जाण्याआधी आठवेल तेवढं काढून द्या. रेघा सरळ आल्या नाहीत तरी चालतील. मुलांनी शेजारी बसावं आणि जिथे काका-मावशी ‘इथे खाली काहीतरी होतं बघ’ म्हणतील, तिथे लाल पेन्सिलीनं गोल करावा.