पोस्टाची तीन घराणी

मंडळी, आजच्या व्याख्यानाला मी एकच शब्द घेतला आहे: पोस्ट. आपल्या बोलण्यात तो इतका मुरलाय की परका वाटतच नाही. पोस्टात जाऊन येतो, क्लास टूची पोस्ट मिळाली, पोस्टिंग गडचिरोलीला झालं, बॉल गोलपोस्टला लागला, पोस्टमॉर्टमचा रिपोर्ट यायचाय, परीक्षा पोस्टपोन झाली. ऐकणाऱ्याला वाटावं, एकाच अर्थाला कालांतरानं इतक्या फांद्या फुटल्या. तसं नाही. लॅटिनमधले तीन निरनिराळे शब्द इंग्रजीत येऊन एकसारखे दिसू लागले. ही तीन घराणी आहेत, आणि नाव सारखं म्हणून नातं असतंच असं नाही.

पहिलं घराणं खांबाचं. लॅटिनमध्ये ‘पोस्टिस’ म्हणजे दाराच्या चौकटीचा उभा खांब. दिव्याचा लॅम्पपोस्ट आणि मैदानातला गोलपोस्ट हे याचे वंशज. लोकांना दिसावी म्हणून जाहीर सूचना खांबावर ठोकत, त्यावरून सूचना लावणं म्हणजे ‘पोस्ट’ करणं झालं आणि लावलेला कागद ‘पोस्टर’ झाला.

दुसरं घराणं मला सर्वांत आवडतं, म्हणून तिथं जरा थांबतो. लॅटिन ‘पोनेरे’ म्हणजे ठेवणं, ‘पोसिता’ म्हणजे ठेवलेली. काय ठेवलेलं? पत्रं नव्हेत. घोडे! लांबच्या वाटेवर ठरावीक अंतरानं ताजे घोडे आणि स्वार तयार ठेवत. १४९० च्या सुमारास जर्मनीचा राजा मॅक्सिमिलियन याच्यासाठी टॅक्सिस घराण्यानं इन्सब्रुकपासून नेदरलँड्सपर्यंत अशी घोड्यांची साखळी उभारली. त्या स्वारांचं शिंग आजही जर्मन टपालखात्याच्या चिन्हात दिसतं. म्हणजे ‘पोस्ट’ ही आधी एक जागा होती, वाटेवरचा टप्पा. मग टप्प्यावरच्या स्वारालाच पोस्ट म्हणू लागले. पुढं त्याच्या थैलीतली पत्रं पोस्ट झाली, आणि शेवटी ती पत्रं सांभाळणारं अख्खं खातं. अर्थानं कुठंही उडी मारली नाही. जागेवरून माणसावर, माणसावरून पत्रावर, असा तो शेजारच्या शेजारी सरकत गेला.

याचा पुरावा कागदावर आहे. सोळाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये तातडीच्या सरकारी पत्रांवर बाहेरच लिहीत, ‘हेस्ट, पोस्ट, हेस्ट’. इथं पोस्ट म्हणजे स्वार: ‘घाई कर, स्वारा, घाई कर!’ काही पत्रांवर तर शेजारी फाशीचा खांब रेखाटलेला असे. उशीर केलास तर गाठ कशाशी आहे, हे अक्षरशत्रू स्वारालाही कळावं! ‘पोस्ट-हेस्ट’ म्हणजे तातडीनं, हा शब्द त्याच ओळीतून भाषेत उरला. ही व्यवस्था तोवर राजाच्या कामाची होती. १६३५ साली पहिल्या चार्ल्सनं ती सामान्य प्रजेला खुली केली. आपल्याकडे पेशवाईत पत्रं पोचवायला जासूदांच्या जोड्या असत, तेव्हा गरज तीच होती, शब्द मात्र आपला होता.

याच ‘ठेवण्या’तून, इटालियनच्या वाटेनं, शिपायाला नेमून दिलेली जागा म्हणजे पोस्ट झाली. चौकी, नोकरीतलं पद, बदलीचं पोस्टिंग, सगळं तिथलं. सरकारी माणसाला सरकार कुठंतरी नेऊन ‘ठेवतं’, हा मूळ अर्थ अजून शाबूत आहे.

तिसरं घराणं ‘पोस्ट’ म्हणजे नंतर, या छोट्या लॅटिन शब्दाचं. घड्याळातलं पी. एम. म्हणजे मध्यान्हीनंतर, पोस्टमॉर्टम म्हणजे मृत्यूनंतर. पत्राखालचं इंग्रजी पी. एस. म्हणजे लिहून झाल्यावर लिहिलेलं. आपण तिथं ता. क. लिहितो, ताजा कलम, आणि मला तो फार सुंदर वाटतो. याच घराण्यातल्या ‘पॉस्थ्युमस’ या शब्दात एक घोटाळा आहे. लॅटिनमध्ये ‘पोस्टुमस’ म्हणजे सर्वांत शेवटचा. बाप गेल्यावर जन्मलेल्या मुलालाही तो लावत. पुढं लोकांनी त्याचा संबंध ‘हुमस’ म्हणजे मातीशी, दफनाशी जोडला आणि स्पेलिंगमध्ये नसलेला एच घुसवला. चुकीच्या व्युत्पत्तीनं शब्दाचं रूप बदललं, आणि ते आज सर्वमान्य आहे.

आणि पोस्टपोन? तिथं दुसरं आणि तिसरं घराणं एकत्र नांदतं: ‘पोस्ट’ म्हणजे नंतर, ‘पोनेरे’ म्हणजे ठेवणं. नंतरवर ठेवणं. यातला ‘पोस्ट’ टपालाचा नाही. टपालाचा पोस्ट ज्या क्रियापदातून आला, ते मात्र ‘पोन’मध्ये बसलंय.

हे सगळं आपल्याला कळतं ते जेम्स मरे यांच्यासारख्या कोशकारांमुळे. ऑक्सफर्डच्या थोरल्या कोशासाठी देशोदेशीचे वाचक त्यांना शब्दांच्या चिठ्ठ्या टपालानं पाठवत. पत्रव्यवहार इतका वाढला की बॅनबरी रोडवरच्या त्यांच्या घराबाहेर टपालखात्यानं खास पत्रपेटी उभारली. एकेका चिठ्ठीवर एकेका अर्थाचा दाखला होता, म्हणून आज आपण नुसत्या कानाला काय वाटतं त्यावर अवलंबून नाही.

राहिली फोनवरची पोस्ट. ती पोस्टमनच्या घराण्यातली, असं बहुतेकांना वाटतं. माझं मत वेगळं आहे. १९७८ साली शिकागोत दोघांनी संगणकावर पहिला सार्वजनिक सूचनाफलक सुरू केला, आणि फलकावर मजकूर लावतात तसा लोक त्यावर ‘पोस्ट’ करू लागले. ई-मेलच्या सोबतीनं टपालाचा रंगही तिला चढला असेल, पण मूळ खांबाकडचं. पत्राला नाव-पत्ता असतो. फेसबुकवरची पोस्ट येणाऱ्याजाणाऱ्या कुणीही वाचावी म्हणून लावलेली असते.