फाळका वर की खाली?

[दृश्य: पुणे-नाशिक रस्ता, मोशीच्या पुढे. सकाळची वेळ. मार्केट यार्डातून परत निघालेले रिकामे पिकअप.]

गुलटेकडीला माल उतरला, हमाली-तोलाई झाली, चहा झाला, की मंचर-नारायणगावकडच्या गाड्या रिकाम्या परत निघतात. आणि नीट बघितलं तर त्यातल्या काहींचा मागचा फाळका खाली सोडलेला दिसतो. का म्हणून विचारलं तर उत्तर तयारच असतं. रिकामी गाडी आहे ना, फाळका वर ठेवला की हवा त्याला अडते, अॅव्हरेज कमी होतं.

ऐकायला पटतं हो. केबिनच्या टपावरून वारा येतो, मागे हौद्यात उतरतो, समोर लोखंडी भिंत उभी, तिला धडकतो आणि गाडीला मागे ओढतो. कुणालाही कागदावर काढायला सांगा, बाण असेच काढेल. ही समजूत फक्त आपल्याकडची पण नाही, अमेरिकेत जिथे पिकअप म्हणजे घरटी गाडी आहे तिथेही लोक वर्षानुवर्षं टेलगेट, म्हणजे हाच मागचा फाळका, पाडून फिरायचे, काही जण तर ते काढून त्याजागी जाळी बसवायचे.

आता वारा नेमका कुठे जातो ते बघायला विंड टनेल, म्हणजे गाडीवर जोराचा वारा सोडून तपासायचा बोगदा, लागत नाही. भाजी उतरवल्यावर हौद्यात जो कचरा उरतो ना, कांद्याची सालं, कोबीचा पाला, एखादी प्लास्टिकची पिशवी, तो गाडी पळायला लागली की कुठे जमतो ते बघा. वारा जर पुढून येऊन मागच्या फाळक्यावर आदळत असता तर सगळा कचरा फाळक्याला चिकटून बसला असता. पण बराचसा कचरा पुढे सरकतो, केबिनच्या पाठीला, आणि तिथेच गरगरत राहतो. म्हणजे हौद्याच्या तळाला हवा उलटी वाहतेय, मागून पुढे!

[दृश्य: हौद्याच्या तळावर चिकटवलेले लोकरीचे धागे, चालत्या गाडीत. धाग्यांची टोकं केबिनकडे.]

होतं काय, तर केबिनचा टप जिथे संपतो तिथे हवा एकदम खाली वळू शकत नाही, ती सुटते आणि सरळ मागे जाते. टपाच्या खालच्या पातळीवर, हौद्यात, जी हवा उरते ती तिथल्या तिथे गोल फिरायला लागते, वरून मागे जाते, फाळक्यापाशी खाली वळते आणि तळावरून परत केबिनकडे येते. पावसाळ्यात मुठेच्या पाण्यात मोठ्या दगडामागे भोवरा धरतो आणि बाकीचं पाणी त्याच्यावरून निघून जातं, तसंच काहीसं. हा भोवरा एकदा जागेवर बसला की तोच हौद्याचं झाकण होतो. वरून येणारी हवा त्याच्यावरून घसरत फाळक्याच्या वरच्या कडेपर्यंत जाते आणि बाहेर पडते. हवेसाठी हौदा जवळजवळ भरलेलाच असतो.

आता फाळका पाडा. भोवऱ्याचा मागचा आधार गेला. तो अस्ताव्यस्त होतो, आणि केबिनच्या मागे जो कमी दाबाचा पट्टा असतो तो गाडीला जास्त ओढायला लागतो. म्हणजे आपण वाऱ्याला वाट करून दिली असं समजतो आणि प्रत्यक्षात मागची ओढ वाढवून ठेवतो.

हे नुसतं डोक्याने लढवलेलं नाहीये. कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलचे केविन कूपर, विंड टनेलमध्ये आयुष्य घालवलेला माणूस, त्यांनी २००४ मध्ये अमेरिकेतल्या ऑटोमोबाइल इंजिनिअरांच्या संस्थेत, म्हणजे एसएईमध्ये, पिकअपच्या हवेवर पेपर मांडला आणि टेलगेट वरच ठेवा हे थेट पेपरच्या नावातच लिहून टाकलं. खाली पाडलं तर ओढ वाढते, काढून टाकलं तरी वाढते, आणि हौद्यावर सपाट कव्हर टाकलं तर कमी होते. त्याच सुमारास मिशिगन विद्यापीठात पिकअपचं छोटं मॉडेल घेऊन मागच्या हवेचा वेग मोजला गेला, त्यात दिसलं की टेलगेटच्या मागे मधोमध हवा जोरात खाली उतरते. लोकांना वाटायचं तिथे मोठं भोवऱ्याचं गाठोडं असेल, तसं ते मधल्या भागात सापडलंच नाही.

अमेरिकेतल्या कंपन्या तर आता टेलगेटच्या वरच्या कडेला बारीक ओठासारखा स्पॉयलरच देतात, कारण हवा सुटते ती जागा तीच. जो भाग वर असेल असं धरून डिझाइन केलाय, तोच आपण पाडून फिरतो.

एक गोष्ट मात्र इथे सांगायलाच हवी. हे सगळं मोजमाप झालंय ते अमेरिकन पिकअपवर. आपल्याकडच्या बोलेरो पिकअपचा, योद्धाचा किंवा दोस्तचा हौदा वेगळा, बाजूच्या भिंती बुटक्या, तीनही बाजूंचे फाळके उघडणारे, छोटा हत्ती तर आणखीनच वेगळा. त्यामुळे तिकडचे टक्के उचलून इकडे चिकटवण्यात अर्थ नाही. भोवऱ्याचा नियम तोच राहतो, आकडा गाडीगणिक बदलतो. हौदा लांब, केबिन बुटकी, फाळका ठेंगणा, यातलं काहीही बदललं की भोवरा कमी-जास्त घट्ट बसतो.

[दृश्य: चाकण, तळेगाव चौक. गर्दी. स्पीडोमीटरचा काटा.]

आता किती फरक पडतो, हा खरा प्रश्न, आणि इथे चाकणचा चौक दाखवल्याशिवाय चालणार नाही. हवेची ओढ वेगाच्या वर्गाने वाढते. वेग दुप्पट झाला की ओढ चौपट, आणि ती ओढ तोडायला लागणारी ताकद आठपट. एक ढोबळ हिशेब करू. पुणं समुद्रसपाटीपासून ५६० मीटरवर, त्यामुळे इथली हवा मुंबईपेक्षा किंचित पातळ. पिकअपचं समोरचं क्षेत्रफळ २.७ चौरस मीटर धरा, ड्रॅगचा गुणांक, म्हणजे गाडीच्या आकारामुळे हवा किती अडते त्याचा आकडा, ०.४५ धरा. ताशी ४० ला फक्त हवा कापायला साधारण सव्वा हॉर्सपॉवर लागते. ८० ला दहाच्या आसपास.

म्हणजे भोसरी ते चाकण जिथे गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगत असते, तिथे फाळका वर ठेवा, खाली ठेवा, काढून भंगारात विका, डिझेलला पत्ता लागत नाही. तिथे डिझेल जातं ते क्लच-ब्रेक-क्लचमध्ये आणि उभ्या गाडीचं इंजिन चालू ठेवण्यात. हवेचा विषय सुरू होतो राजगुरुनगरच्या पुढे, बायपासला गाडी सत्तर-ऐंशीला लागली की. ओढ दहा टक्के कमी झाली तर हायवेवर डिझेल पाचेक टक्के वाचतं असा ढोबळ नियम आहे, आणि फाळक्याने-कव्हरने पडणारा फरक दहा टक्क्यांचा नसतोच, त्यापेक्षा कमीच असतो. मग डिझेलमध्ये उरतात एक-दोन टक्के, फार तर तीन.

आणि म्हणूनच "मी स्वतः करून बघितलंय, फाळका पाडला की लिटरला दीड किलोमीटर वाढतो" या बोलण्यावर माझा विश्वास बसत नाही. माणूस खोटं बोलत नसतो, त्याची मापाची पद्धतच तेवढी बारीक नसते. पंपावर टाकी फुल करताना पाइप एकदा लवकर कट होतो, एकदा पंपवाला वरपर्यंत ओततो, गाडी किंचित उताराला उभी असते, की झाला एक लिटरचा फरक. तीस लिटरमध्ये एक लिटर म्हणजे तीन टक्क्यांहून जास्त, तेवढा तर फाळक्याचा सगळा मामला पण नाही. त्यात मुंबईला जाताना गाडी साडेपाचशे मीटर खाली उतरते आणि येताना तेवढीच चढते. १८०० किलोची गाडी तेवढी वर आणायला नुसत्या उंचीपायी पाऊण लिटरच्या आसपास डिझेल जादा लागतं. जाताना फाळका खाली आणि येताना वर असा प्रयोग कुणी केला असेल, तर त्याने फाळका मोजलेलाच नाही, बोरघाट मोजलाय.

[दृश्य: वेताळ टेकडी, दुरून एआरएआयच्या इमारती.]

बरं, कंपनीचा जो मायलेजचा आकडा असतो तो पण इथे फारसा कामाचा नाही. वेताळ टेकडीवर ही जी एआरएआय आहे, गाड्या तपासणारी संस्था, १९६६ पासूनची, जिच्या नावाने गिऱ्हाईक शोरूममध्ये "एआरएआय मायलेज किती" विचारतं, तशा लॅबमध्ये गाडी रोलरवर चालवतात. चाकं फिरतात, गाडी जागेवर. हवा कापायचा भार रोलरला आकड्यांमधून दिला जातो, आणि ते आकडे येतात आधी ट्रॅकवर केलेल्या कोस्टडाउनमधून, म्हणजे गाडी वेगात नेऊन न्यूट्रल करायची आणि वेग किती सेकंदात पडतो ते मोजायचं. फाळक्याचा फरक खरंच बघायचा असेल तर हेच करावं लागतं, सपाट रस्ता, वारा पडलेला, दोन्ही दिशांना, आधी फाळका वर, मग खाली, मग पुन्हा वर. चालू हायवेवर करायचा खेळ नाही हा, मागचा ट्रकवाला तुमचा प्रयोग समजून घेणार नाही.

आता कव्हर. हायलक्स, व्ही-क्रॉस असल्या गाड्या घेतलेली मंडळी, बाणेर-बालेवाडीकडे दिसतात बघा, त्यांच्यात हौद्यावर सपाट कव्हर टाकायची हौस वाढलीय. घडीचं, गुंडाळायचं, नाहीतर कडक पत्र्या-फायबरचं. हवेच्या दृष्टीने हे भोवऱ्याने केलेलं झाकण पक्कं करण्यासारखंच, त्यामुळे ओढ कमी होते ती खरी. पण पैशाचं गणित मांडा. गाडी लिटरला १२ देते, रोज १०० किलोमीटर हायवे, दोन टक्के वाचले, डिझेल नव्वद रुपये धरलं, तर दिवसाला पंधरा रुपये. वर्षात तीनशे दिवस पळवली तर साडेचार हजार. कव्हर चाळीस हजारांचं असेल तर वसूल व्हायला जवळजवळ नऊ वर्षं. तेही रोज हायवे असेल तर. कार्यालय हिंजवडीत आणि घर बाणेरला असेल तर विषयच संपला, उलट त्या कव्हरचं वजन सिग्नल-सिग्नलला ओढत न्यायचं. सामान भिजू नये, कुणी हात घालू नये म्हणून कव्हर घ्या ना, त्यासाठी ते चांगलंच आहे.

ताडपत्रीचं मात्र वेगळं आहे. घट्ट ताणून, चारी बाजूंनी दोरी आवळून बांधली तर ती कव्हरचंच काम करते. पण सैल बांधलेली, ऐंशीच्या वेगात फुगणारी, फडफडणारी ताडपत्री ओढ वाढवते, आणि आवाजावरूनच कळतं की काहीतरी वाया चाललंय. दोरीचा एक वेढा जादा, एवढाच खर्च आहे त्याचा.

[दृश्य: मंचर बायपास. केबिनच्या वरपर्यंत गोण्या रचलेली गाडी.]

आणि खरी ओढ बघायची तर ही गाडी बघा. केबिनच्या वर दोन फूट कांद्याच्या गोण्या. वारा थेट तोंडावर घेणारी एक चौरस मीटर भिंत वाढली. मूळ गाडी २.७ ची, म्हणजे समोरचं क्षेत्रफळ एक तृतीयांशाहून जास्त वाढलं, आणि ती भिंत चौकोनी, खडबडीत, कडा धारदार. जनावरांसाठी किंवा क्रेटसाठी लावलेला उंच पिंजरा रिकामा परत नेतात, त्याचे पाइपसुद्धा वारा खातातच. फाळक्यावर चहाच्या टपरीवर तासभर वाद घालणारे लोक टपावरच्या कॅरियरकडे बघतही नाहीत. केबिनच्या उंचीपर्यंतच माल रचला, आणि हायवेला ऐंशीच्या जागी सत्तरने गाडी हाणली, तर हवेची ओढ जवळजवळ पाव भागाने कमी होते. फाळक्याने एवढं कधीच मिळणार नाही.

फाळका खाली सोडण्यात डिझेलपेक्षा मोठी भानगड वेगळीच आहे. काही गाड्यांत नंबर प्लेट झाकली जाते, मागचे दिवे झाकले जातात, रात्री मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याच्या बरोबर छातीच्या उंचीला लोखंडी कड येते. आणि माल बाहेर आलेला असेल तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात वीस हजारांचा दंड आहे, वर माल उतरवायचा खर्च वेगळा. पंधरा रुपयांच्या डिझेलचा हिशेब करणाऱ्याने हा आकडा पण वहीत लिहून ठेवायला हरकत नाही.

चाकणच्या पुढे एका ढाब्यावर एका ड्रायव्हर मामांना हे सगळं सांगितलं, भोवरा, कॅनडा, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, म्हणाले, "बरोबर असेल साहेब तुमचं. पण माझ्या फाळक्याची कडीच तुटलीय, म्हणून खाली आहे तो."